पाखरं बघायचा मनोरा

नकाशा निळ्या कागदावर होता, आणि तो काढणाऱ्यानं ताटातलं सोडून दुसरं पाखरू जन्मात बघितलेलं नव्हतं.

सत्तावन्न सालच्या दिवाळीनंतरची गोष्ट. आमच्या निघोज्याच्या खाली, इंद्रायणीच्या वळणाला, लव्हाळ्यानं भरलेली पाणथळ आहे. थंडीत तिथं बदकं, चक्रवाक, शेकाटे असली कुठल्या कुठल्या मुलखातली पाखरं उतरतात. आमच्या आज्यापणज्यापासून उतरतात. सरकारला त्या वर्षी त्याचा पत्ता लागला. पाटी ठोकली : राखीव. जानेवारीत मुंबईच्या मोठ्या साहेबांना पाखरं दाखवायची, म्हणून तिथं मनोरा उभारायचं ठरलं.

ओव्हरसियर लक्ष्मणराव पुण्याहून जीप घेऊन आले. गावचा सुतार मी, म्हणून मला बोलावणं आलं. बॉनेटवर नकाशा पसरून ते म्हणाले, "बघ ज्योतीराम. मावळतीच्या काठाला, तीस फूट उंच. वर पत्र्याचं छप्पर. पाण्याच्या अंगाला चार फूट रुंद जिना, म्हणजे साहेबांना चढता चढताच देखावा दिसेल. सगळ्याला पांढरा ऑइलपेंट. आणि टोकाला झेंडा."

"झेंडा कशाला, साहेब?"

"शोभा."

मी म्हणालो, "पाखरंच बघायची तर बारा फुटी माळा बास झाला. उगवतीच्या काठाला बांधू, म्हंजी सकाळचं ऊन पाठीवर येतं. शिडी मागनं. भवती लव्हाळ्याचा कूड, त्याला डोळ्यापुरती भोकं. रंग अजिबात न्हाई."

लक्ष्मणराव जीपच्या ड्रायव्हरकडं बघून हसले. "अरे, तुझा तो पाखरं हाकायचा माळा. हा पाखरं बघायचा मनोरा. फरक कळतो का?"

"पाखरू कशाला भितं ते हाकणाऱ्यालाच ठावं आसतं, साहेब."

"इंजिनियर तू का मी?"

इंजिनियर तेही नव्हते, पण ते जाऊ द्या.

जोंधळा हुरड्यात आला की आमच्याकडं पाखरं हाकायला तीन गोष्टी करतात. काठीवर चुना फासलेलं मडकं पालथं घालतात. वाऱ्यानं वाजावा म्हणून पत्र्याचा डबा टांगतात. आणि एक चिरगूट बांधतात, फडफडायला. ह्या शहाण्यांनी तिन्ही गोष्टी गोळा केल्या, तीस फूट वर चढवल्या, आणि खाली लिहिलं : मंजूर.

तिथंच वाकस-करवत खांद्यावर टाकून घरी यायला पाहिजे होतं. आलो नाही, कारण लक्ष्मणरावांचा मेहुणा पिंपरीला नव्या औषधाच्या कारखान्यात होता. तिथं सुतारखात्यात माणसं घेत होते. "काम नीट कर, मेहुण्याला चिठ्ठी देतो," असं ते म्हणाले होते. लोखंडी नांगर चाकणच्या दुकानात मिळायला लागल्यापासून माझ्या दारात माणूस यायचा तो मोडकी बाज घेऊनच. बलुतं नावाला उरलेलं. चिठ्ठीचं नाव काढल्याबरोबर सावित्रीनं माहेरी निरोपसुद्धा धाडला, आमी पिंपरीला जाणार म्हणून.

मग बांधला मी. नकाशाबरहुकूम, इंचाला इंच. पेंटचा पहिला हात बसला त्या दिवशी बदकं उठली. पत्रे ठोकले तेव्हा चक्रवाक गेले. शेकाटे मात्र चिवट, ते झेंडा लागेपर्यंत थांबले. सगळी पाखरं वळणापलीकडं, तळवड्याच्या अंगाला जाऊन बसली.

ठकुबाई म्हातारी काठावर लव्हाळा कापत होती. तिनं कमरेवर हात ठेवून मान वर केली. "ज्योत्या, येवढं थोरलं बुजगावणं कुणाच्या वावराचं रं?"

"सरकारच्या."

"मग पीक बी थोरलं आसंल," म्हणाली आणि हसत हसत भारा बांधायला बसली.

मुंबईचे मोठे साहेब सकाळीच आले. गळ्यात दुर्बीण, मागं सात-आठ माणसं, सगळ्यांच्या पायांत बूट. जिन्यावर असा दणदणाट झाला की उरलीसुरली एक पाणकोंबडी तीही लव्हाळ्यात घुसली. वर पत्रा थडथडतोय, समोरून ऊन डोळ्यांत शिरतंय, साहेब दुर्बिणीतून रिकामं पाणी बघतायत. अर्धा तास बघितलं. मग त्यांनी लक्ष्मणरावांना विचारलं, "पक्षी कुठायत?"

लक्ष्मणरावांनी मला खाली जिन्यामागं गाठलं. हातात दोन कागद. एक पिंपरीची चिठ्ठी, लिफाफ्यात घातलेली. दुसऱ्या कागदावर सहीपुरती जागा. "इथं अंगठा कर आणि ही घेऊन जा. नुसता शिरस्ता असतो."

मला वाचता येतं का, हे त्यांनी कधी विचारलंच नव्हतं. मी वाचलं. 'सुताराने नकाशा सोडून मनमानी काम केल्यामुळे पक्षी बिचकले.' खाली माझं नाव.

"साहेब," मी म्हणालो, आणि चांगलं मोठ्यानं म्हणालो, वर ऐकू जाईल असं, "नकाशा सोडून येक खिळा मारला आसता तर आज पाखरं दिसली आसती!"

वरचे बूट थांबले. मोठे साहेब कठड्यावरून वाकले. लक्ष्मणरावांच्या काखेतला नकाशा मीच ओढून वर धरला. कोपऱ्यात सही होती. मोठ्या साहेबांचीच. ती त्यांनी लांबून ओळखली असणार, कारण त्यांनी घड्याळ बघितलं आणि म्हणाले, "ऊन फार झालंय."

जीपा गेल्या. चिठ्ठी लक्ष्मणरावांच्या खिशात गेली.

सावित्रीनं ऐकून घेतलं. भाकरी थापायची थांबली. "अवं, अंगठा उठवला आसता तर हात झडला आसता व्हय?"

"दीड म्हैना ते बांधताना रोज लाज वाटत व्हती मला. ती लाज माझीच म्हनून लिहून देऊ?"

"मग लाज शिजवून घालू का पोरांना?"

मी उठून वाकसाला धार लावायला बसलो.

सोमवारी पहाटे हत्यारांची थैली घेऊन पिंपरीला चालत गेलो. कारखान्याच्या फाटकावर पठाण होता. "किसकी चिठ्ठी?" म्हणाला. कुणाचीच नाही म्हटल्यावर त्यानं भिंतीकडं बोट दाखवलं. तिथं माझ्यासारखे तीसचाळीस बसले होते. दुपारपर्यंत बसलो.

मंगळवारी परत गेलो.