दर सेकंदाला एक

ऋतुजाने तिसऱ्यांदा कंपाइलचं बटण दाबलं आणि स्क्रीन पुन्हा पांढरी पडली. एडिटर ढिम्म, लॅपटॉपचा पंखा तेवढा तिच्या वतीने चिडलेला.

"अडकला?" स्पीकरवर ठेवलेल्या फोनमधून सुजयने विचारलं. कॉलेजातला हा मित्र आता रोह्याच्या एका कंपनीत होता आणि चहाची सुट्टी तिच्यासाठी खर्ची घालत होता.

"अडकला. आणि आजच चालायला हवाय."

पेणच्या रामवाडीतल्या खोलीत बसून ती खाडीकाठच्या आपल्या घरासाठी प्रोग्राम लिहीत होती. खाडीचं पाणी अडवणाऱ्या बांधाच्या आतल्या भातशेतात तिने पाण्याची खोली मोजणारा सेन्सर पुरला होता. जमीन कोरडी असली की तो दिवसाला एक फाईल पाठवायचा, पाणी लागलं की दर सेकंदाला एक. प्रोग्राम चालला की पाणी शिरताच वडिलांचा फोन वाजणार होता. बांधाला खेकड्यांनी बिळं पाडली होती, आणि ती बुजवायला वडील, काळुराम, आज सकाळीच एकटे गेले होते. काल तिने हटकलं तेव्हा ते हसले होते.

"उद्या अष्टमी. भांग हाय, भरतीला जोर नसतो. बांधाचं काम तवाच करायचं."

तिथीपुढे त्या घरात कोणाचं काही चालत नसे, सेन्सरचं तर नाहीच.

"प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये काय कोंबलंयस?" सुजय म्हणाला. "कंपाइल करताना एडिटर एकेक फाईल चाळत बसत असेल."

"सेन्सरच्या नोंदी. चाळीस-पन्नास असतील."

तिने फोल्डर उघडलं आणि आकडा मोठ्याने वाचला. चार हजार एकशे बारा.

"म्हणजे पाणी आलंय?"

"आज भांग आहे रे. मागच्या महिन्यात खेकड्याने वायर कुरतडली, तेव्हाही असाच ढीग पडला होता."

"मग उडव सगळं."

तिने सगळ्या फाइली निवडल्या आणि पुसून टाकल्या. या वेळी चार सेकंदांत कंपाइल झालं. तिला इतकं हलकं वाटलं की ती एकटीच हसली. सुजयची सुट्टी संपली होती, त्याने फोन ठेवला. तिने प्रोग्राम चालू केला.

रिकाम्या फोल्डरमध्ये एक फाईल आली. मग दुसरी. तिने उघडून पाहिलं. बेचाळीस सेंटीमीटर. पुढची बेचाळीस. त्यापुढची त्रेचाळीस. वायर तुटली होती तेव्हा नुसती शून्यं आली होती. चार हजार सेकंद म्हणजे तासाच्या वर.

फोन वाजला. आई होती, काशीबाई. आवाजात कौतुक मावत नव्हतं.

"चालला गो तुझा प्रोग्राम. बाबांचा फोन वाजला, पाणी आलं म्हनतोय. हितंच हाय, फळीवर. चिखलात खराब व्हईल म्हनून ठेवून गेले."

"बाबा परत आले?"

"नाय अजून."

"आई, माणसं घेऊन बांधावर जा. आत्ताच्या आत्ता."

"पन आज भांग हाय ना गो?"

स्क्रीनवर चव्वेचाळीस आलं.