उस्तादांची माशी आणि माझा ठिपका

अहो, पळताय कुठे? पिस्तूल बोलतोय म्हणून दचकायचं काही कारण नाही. मॅगझिन बाहेर काढून ठेवलंय, पोटात गोळी नाही आणि नळीचं तोंड वाळूच्या पिंपाकडे आहे. आता निवांत बसा आणि ऐका. आजवर मी कागदाशिवाय कुणालाही भोक पाडलेलं नाही, आणि तेवढ्यावरच माझं भागलं तर मला आनंदच आहे.

माझा जन्म हावड्याच्या पलीकडचा, एका खासगी कारखान्यातला. मी पूर्ण मापाचा, ड्यूटीवर कमरेला लावून मिरवायचा गडी. खिशात दडून बसणाऱ्या बुटक्यांतला नाही. माझी वरची स्लाइड पोलादाच्या ठोकळ्यातून कोरून काढली आणि तिच्या मागच्या अंगाला एक सपाट खाच ठेवली. त्या खाचेत काचेची एक इवलीशी खिडकी बसते. खिडकीतून पाहिलं की समोर लाल ठिपका तरंगताना दिसतो. ठिपका जिथे, गोळी तिथे. इतकं सोपं आहे बघा, पण माणसांना सोपं काही पटतच नाही.

कारखान्यातून मला पेटीत घालून, पूल ओलांडून, कोलकात्यात बेहाल्याच्या पुढे एका केंद्रीय दलाच्या चांदमारीच्या मैदानावर आणलं. मी पसंत पडलो तर माझ्यासारखी पुष्कळ भावंडं बनणार होती. नापसंत झालो तर पेटी परत, आणि पुढे भट्टी. आमच्याकडेही दाखवण्याचा कार्यक्रम असतो तो असा.

चाचणीच्या प्रमुख होत्या कालिंदी मॅडम. नाशिकच्या, वयाने लहान, आवाज मात्र मैदानाच्या दुसऱ्या टोकाला पोचणारा. आणि मला हाताळणार होते श्यामकांत उस्ताद. मूळचे मिरजेचे, बदलीने कोलकात्यात आलेले, उभी हयात जवानांना नेम धरायला शिकवण्यात गेलेली. दलात नेमबाजी शिकवणाऱ्याला उस्तादच म्हणतात. दोघं चारचौघांत हिंदीत बोलायचे, आणि आजूबाजूला कुणी नसलं की मराठीत. मी मराठी शिकलो ती या दोघांकडून, त्यामुळे शिव्याही थोड्याफार येतात, पण त्या आज नको.

पहिल्याच दिवशी मॅडमनी माझ्या कुशीवरची अक्षरं मोठ्याने वाचली, "चाचणी नमुना."

"नमुनाच दिसतोय," उस्ताद म्हणाले. "डोक्यावर हा काय दिवाणखाना बांधलाय? आम्ही माशी बघून नेम धरला, माशी बघून बक्षिसं घेतली. माशीला बॅटरी लागत नाही, मॅडम."

माशी म्हणजे नळीच्या टोकावरचा तो उभा खुंटा. जुने लोक मागच्या खाचेतून माशी बघतात आणि माशी लक्ष्यावर टेकवतात. मलाही माशी आहे, चांगली उंच, खिडकीतूनसुद्धा दिसेल अशी. पण उस्तादांनी मला असं वेडावलेलं पाहून मला भयंकर राग आला. म्हटलं, हात तर लाव म्हाताऱ्या, मग बघतो.

त्यांनी हात लावला आणि माझा राग तिथेच विरघळला. काय हात होता तो! ना घट्ट, ना सैल. घोडा ओढताना बोट इतकं सावकाश सरकायचं की मलाच उत्सुकता लागायची. असा हात मिळाल्यावर, ठिपका बंद ठेवून माशीवर मारल्या तरी, गोळ्या एकाच भोकात जायला हव्या होत्या. पण कागद जवळ आणला, तर गोळ्या लग्नातल्या अक्षतांसारख्या चौफेर उधळलेल्या.

उस्तादांनी कागद पटकन गुंडाळला आणि "नवीन हत्यार आहे, बसायला वेळ लागेल," असं म्हणून पुढचा नेम एका जवानाला धरायला लावला. रोज हेच. स्वतः मागे उभं राहायचं, सूचना द्यायच्या, वाभाडे काढायचे, पण गोळी झाडायची नाही.

खरं काय ते त्यांनी मला एका दुपारी सांगितलं. शस्त्रागारात आम्ही दोघंच होतो. ते माझी नळी साफ करत होते आणि बोलत होते, जसं माणूस म्हशीशी बोलतो.

"माशी दिसत नाही रे मला," ते म्हणाले. "एकीच्या दोन दिसतात. चाळिशी लागली. बायकोने, अनुराधाने, एस्प्लनेडच्या दुकानात नेऊन चष्मा करून दिला. पण तो लावला की माशी दिसते आणि लक्ष्य धुक्यात जातं. काढला की लक्ष्य दिसतं आणि माशी जाते. करायचं काय माणसाने?"

ते माझ्या नळीतून चिंधी पुन्हा पुन्हा फिरवत राहिले.

"दिवाळीनंतर आमची परीक्षा आहे. तिच्यात घसरलो की शिकवणं संपलं. मग गोदामात बसून बुटांचे जोड द्यायचे जवानांना. मला शिकवण्याशिवाय दुसरं काही येत नाही रे बाबा."

मला फार वाईट वाटलं. अहो, त्यांचं औषध माझ्या डोक्यावर बसलेलं होतं, आणि हा माणूस अभिमानापायी ठिपका पेटवून बघायला तयार नव्हता! चष्मा असायचा खिशात. नाकावर आलेला मैदानात कुणी पाहिला नव्हता.

होता होता दुर्गापूजा आली. साऱ्या शहरात ढाक, म्हणजे इकडचे ढोल, घुमायला लागले. आमच्या मैदानाच्या भिंतीपलीकडेही मांडव पडला होता. इकडच्या लोकांची महानवमी, तीच आपली खंडेनवमी, म्हणजे आम्हां हत्यारांचा सण. उस्तादांनी रीतसर परवानगी काढली आणि शस्त्रागारात टेबलावर पांढरी चादर अंथरून आम्हां सगळ्यांना ओळीने मांडलं. अनुराधाकाकू घरून ताट घेऊन आल्या. हळद, कुंकू, अक्षता, झेंडू, गूळखोबरं. आमची देखभाल करणारे तापसदा धुनुची, म्हणजे बंगाली धुपाटणं, पेटवून आले, आणि मग नारळाच्या शेंड्या न् धुपाचा असा धूर झाला की काकूंना ठसका लागला.

"अहो, चष्मा लावा," काकू म्हणाल्या.

"कुंकू लावायला चष्मा कशाला? हळदीकुंकवाला बोलावलंय का मला?"

सगळे हसले. उस्तादांनी बोट ओलं करून कुंकवात बुडवलं आणि एकेकाला टिळा लावत आले. माझ्यापाशी थांबले. हा दिवाणखानेवाला म्हणून थोडं सढळ हाताने लावलं, वर अक्षता टाकल्या. कपाळी लावायचा टिळा कुठे गेला म्हणता? सरळ खिडकीच्या आत, जिथून ठिपक्याचा उजेड निघतो त्या इवल्याशा दिव्यावर! मी आतल्या आत बोंब ठोकली. ऐकतो कोण? लगेच वरून झेंडूची माळ पडली आणि सगळं झाकलं गेलं. काकूंनी मला ओवाळलं. खरं सांगतो, त्या क्षणी मला आंधळा झाल्याचंही फारसं दुःख नव्हतं. असं ओवाळून घ्यायचा माझा पहिलाच प्रसंग होता.

दुसऱ्या दिवशी तापसदांनी माळ काढली, मला बाहेरून पुसलं, तेल दिलं. काचेला मात्र हात लावला नाही, कारण कारखान्याने तसं बजावून सांगितलं होतं. कुंकू आत वाळून खडखडीत झालं.

आणि दसऱ्यानंतर दिल्लीहून तीन साहेब आले, शेवटची चाचणी बघायला. तिघांचेही केस पिकलेले, छातीवर पदकं. मागे जवान ओळीने उभे. एका तरण्याबांड जवानाने मला उचललं, बटण दाबलं, खिडकीतून पाहिलं, आणि मला खाली-वर करायला लागला.

"सर, डॉट नहीं है."

बॅटरी बदलली. नाही. दुसरी बदलली. नाही. साहेब एकमेकांकडे बघायला लागले. त्यांतले थोरले साहेब हिंदीत म्हणाले, "ऐन वेळेला हे असं होणार असेल तर कशाला हवं? जुनी माशी बरी. तिला बॅटरी लागत नाही."

झालं! मला हावड्याची भट्टी डोळ्यांसमोर दिसायला लागली. कालिंदी मॅडमचा चेहरा लाल झाला. त्यांनी मला उस्तादांच्या हातात दिलं. "उस्ताद, जरा बघा."

उस्तादांनी मला नाकाशी धरलं. मग हातभर लांब धरलं. पुन्हा जवळ घेतलं. काही दिसेना. मागे त्यांचे सगळे चेले उभे, पुढे दिल्लीचे साहेब. खिशात चष्मा. त्यांच्या तळव्याला घाम सुटला होता, तो मला लागत होता. मी मनात म्हणत होतो, काढा हो, काढा, कोण काय म्हणतंय ते नंतर बघू.

उस्तादांनी चष्मा काढला आणि नाकावर चढवला.

ओळीत कुजबुज झाली. उस्तादांनी खिडकीत वाकून पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "अरे देवा! मॅडम, हे कुंकू आहे! मीच लावलंय. नवमीला. चष्म्याविना."

त्यांनी रुमालाचं टोक ओलं केलं, अगदी बाळाच्या डोळ्यातली घाण काढावी तसं हलक्या हाताने कुंकू टिपलं, आणि माझा ठिपका लख्ख उजळला. तापसदांनी तर टाळीच वाजवली. साहेब लोकांना कुंकवाची हकिगत कळली तेव्हा तेही हसले, पण थोरल्यांचं समाधान काही झालेलं दिसेना. हत्यार बिघडलं नव्हतं हे कळलं, पण ते हवं कशासाठी?

मॅडम उस्तादांकडे बघत होत्या. हळूच मराठीत म्हणाल्या, "काका, चष्मा कधीपासून?"

एरवी त्या काका म्हणत, ते फक्त उस्तादांच्या घरी पुरणपोळीच्या पानावर. उस्तादांना खोटं बोलवेना. "दीड-दोन वर्षं झाली. माशी दिसत नाही, मॅडम. परीक्षेत मी पडणार. तुम्हाला आधी सांगायला हवं होतं."

मॅडमनी टेबलावरचे दोन कोरे कागद उचलले. मग म्हणाल्या, "एक काम कराल? आधी ठिपका बंद करून माशीवर मारा. जसं येईल तसं. मग ठिपका लावून मारा. दोन्ही कागद शेजारी शेजारी लावू."

"सगळ्यांसमोर?"

"सगळ्यांसमोर. तुमच्याशिवाय हे त्यांना कुणी दाखवू शकणार नाही."

"मागे माझी पोरं उभी आहेत हो."

"म्हणून तर जबरदस्ती नाही करत."

त्या दोघांचं काय चाललंय ते साहेबांना कळत नव्हतं. उस्तादांनी मागे वळून एकदा त्या ओळीकडे पाहिलं. यांतल्या प्रत्येकाचा कोपर त्यांनी स्वतःच्या हाताने सरळ केलेला. मग मान हलवली. "लावा कागद."

माशीवर मारलेल्या गोळ्या नेहमीसारख्याच उधळल्या. उस्तादांचे कान तापून लाल झाले, पण कागद त्यांनी गुंडाळला नाही. दुसरा कागद लावला. चष्मा खिशात गेला, माझा ठिपका पेटला, आणि उस्ताद सवयीप्रमाणे एक डोळा मिटून माशी शोधायला लागले.

"काका, दोन्ही डोळे उघडे," मॅडम म्हणाल्या. "माशी विसरा. ठिपक्याकडेही बघू नका. लक्ष्याकडे बघा, ठिपका आपण होऊन येतो."

माझ्या मुठीवरचा हात एकदम स्थिर झाला.

"अगं आई गं!" ते ओरडले. "दिसतंय की!"

मग आम्ही दोघांनी जी मजा केली ती काय सांगू! ते बोट तसंच सावकाश सरकायचं, आणि मी जे काही होतं नव्हतं ते पणाला लावायचो. कागद जवळ आला तेव्हा मधोमध एकच फाटकं भोक होतं, अंगठा जाईल एवढं. जवानांनी शिस्त सोडून आरोळी ठोकली. तापसदा "दारुण, उस्ताद, दारुण!" म्हणत नाचायचेच राहिले होते; बंगालीत दारुण म्हणजे झकास.

मॅडमनी दोन्ही कागद साहेबांपुढे धरले. "हात तोच, पिस्तूल तेच, सर. फरक फक्त काय बघायचं एवढाच."

तिन्ही साहेब पुढे झाले, कागदांवर वाकले, आणि मग, तुम्हाला गंमत सांगतो, तिघांचेही हात खिशात गेले. तीन चष्मे बाहेर आले! भोकं नीट बघायला तिघांनाही चाळिशी लागत होती. थोरल्या साहेबांनी चष्म्यावरून उस्तादांकडे पाहिलं, उस्तादांनी त्यांच्याकडे, आणि दोघंही पोट धरधरून हसायला लागले.

"मला द्या जरा," थोरले साहेब म्हणाले. त्यानंतर मधल्यांनी मागितलं, मग धाकट्यांनी. मला पाळीपाळीने हाताळताना तिघं शाळेतल्या पोरांसारखे भांडत होते. जाताना थोरल्यांनी सांगून टाकलं की हत्यार पसंत आहे, आणि उस्तादांनी जे हत्यार शिकवायचं, त्याच हत्यारावर त्यांची परीक्षा व्हावी.

गाड्या गेल्यावर उस्तादांनी मला टेबलावर ठेवलं आणि घरी फोन लावला. "अनु, दिसलं गं! नाही, नाही, चष्म्याने नाही. या नमुन्याने दाखवलं." फोन तसाच कानाला धरून ते डोळे पुसत राहिले, आणि पलीकडून काकू विचारत राहिल्या, अहो, काय झालं, नीट सांगा तरी.

हल्ली मी याच शस्त्रागारात असतो. मला पुष्कळ भावंडं झालीत. परीक्षेत उस्ताद पहिले आले, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. आता ते सकाळी मैदानावर येतात ते चष्मा दोरीने गळ्यात अडकवून, उघड उघड. आधी मला बघतात, मग चष्मा काढून लांब बघतात, आणि पोरांवर ओरडतात की माशी माशी काय करता, समोर बघा!

तुमच्याकडे दोनच गोष्टी मागतो. मला कधी कागदाशिवाय कशावर चालायला लावू नका. आणि घरात कुणी वर्तमानपत्र हातभर लांब धरून वाचत असेल, तर त्याला हसू नका. शेजारी जाऊन बसा, काय दिसत नाही ते विचारा. तो बिचारा आपण होऊन सांगणार नाही. चला, निघतो. उस्तादांचा हात आला.