लाल कापडात बांधलेलं सुख

"का गं, आज गप का?"

मित्रांनो, हा आवाज अजून माझ्या शिवणीत अडकला आहे. मी एक जुने पुस्तक. मन निवांत ठेवून टिकाऊ सुख कसे मिळवावे, ते सांगणारे. छापखान्यात माझी पाने जुळवताना छबुबाईने नव्वदावे पान सहज वाचले: 'शेजारच्या माणसाला विचारा, तुझ्या मनात काय आहे? उत्तर येईपर्यंत पान उलटू नका.' तिने हातातले काम थांबवले आणि शेजारी काम करणाऱ्या बाईला विचारले, 'का गं, आज गप का?' शेजारीण रडली, बोलली, मग दोघी हसल्या. मला वाटले, जन्म सार्थकी लागणार.

कसचे सार्थक! मला विकत घेणाऱ्या आरोहीने मला घाटनांदूरला वडिलांकडे, बद्रीनाथांकडे, पाठवले. बद्रीनाथ म्हणजे तापलेला तवा. श्वासाकडे लक्ष देतील, जरा निवतील, एवढीच लेकीची आशा. त्यांनी मला कपाळाला लावले, हळदकुंकू वाहिले, लाल कापडात बांधून देव्हाऱ्यात ठेवले. दर मार्गशीर्षात माझे सात दिवसांचे पारायण! 'डोळे मिटा, श्वास सोडा' हेसुद्धा उघड्या डोळ्यांनी, एका दमात, पोथीच्या चालीवर. राग येणार नाही तर काय? माझ्या पोटात औषध, आणि हा माणूस बाटलीला ओवाळतो!

यंदा तर माझा संताप मावेना. दिवाळीत त्यांच्या पत्नीने, सत्यभामाबाईंनी, सांजवात लावताना पदराआड छातीवर हात धरून देवाला सांगितले, "छातीत गाठ लागतीया. यांना सांगायचं धाडस न्हाई."  मी तिथेच, लाल कापडात बांधलेले. मग त्या स्वतःशीच गुणगुणल्या,

"पोथीला रेशीम गं, समईला तेलवात
माझ्या दुखण्याला बाई, कुणी लावीना हात."

पारायणाच्या पहिल्या दिवशी त्या म्हणाल्या, "अहो, जरा बोलायचं व्हतं."

"पोथी चालू हाय. मधी बोलू न्हाई, पाप लागतं."

तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. "कावून सारखी मधी येतीस? सुखाचं वाचू दे की!" त्या फणकाऱ्यात माझे पान टरकले. पाचव्या दिवशी सत्यभामाबाई समईत तेल घालून तशाच परत गेल्या. गाठ मात्र कुणाच्या पारायणासाठी थांबत नव्हती.

मित्रांनो, मला फुले वाहू नका. मळवा, कोपरे दुमडा, चहाचे डाग पाडा. पण माझे एक तरी वाक्य पाळा. पुजलेल्या पुस्तकासारखे उपाशी कुणी नसते.

सातव्या दिवशी चुलीवर नैवेद्याची पुरणपोळी झाली होती. नव्वदावे पान आले. "...उत्तर येईपर्यंत पान उलटू नका," बद्रीनाथांनी आळवून वाचले, आणि बोटाला थुंकी लावून पान उचलले.

सत्यभामाबाईंनी पानावर तळहात दाबला.

"अगं, शेवटाला आलंय. सोड!"

"माझं बी शेवटालाच आलंय. तुमी आत्ता विचारलंत न्हवं, मनात काय हाय?"

"म्या कुठं विचारलं? पोथीत हाय ते!"

"मग पोथीला सांगते. तुमी ऐका." हात पानावरून हलला नाही. "माझ्या छातीत गाठ हाय. दिवाळीपासनं. मला लई भ्या वाटतंय. गाठीचं बी, आन् त्याच्याहून जास्त तुमचं."