गळ्यातला देव

आवडीला त्या आवाजाची शिसारी यायची. नवऱ्याच्याच आवाजाची शिसारी येते, हे तिने महादेवाच्या पिंडीपुढेही कधी कबूल केलं नव्हतं. पूर्वी सहदेवची हाक पलीकडच्या डोंगराला लागायची आणि चरणारी गुरं माना वर करायची. आता मेंदूच्या देठात रक्ताची गुठळी अडकल्यापासून तो बोलू लागला की घशात चिखल ढवळल्यासारखं होई, आणि त्यातून एखादा घोगरा शब्द बुडबुड्यासारखा वर येई.

महाडच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, "आवाजाच्या पडद्याची एक बाजू लुळी पडलीय. गिळणंही बिघडलंय. नुसतं पाणी देऊ नका, फुप्फुसात उतरेल. घट्ट पेज द्या."

चुलतदीर नाथूने मात्र वाडीत उठवून दिलं, की दादाच्या गळ्यात देव बसलाय.

सोमवारी तो पोलादपूरहून दोन बायका घेऊन आला. आवडीचा उपास होता.

"वहिनी, दारातून सरा. लांबून आल्यात."

"ते आजारी हायत, भावजी."

"देव कधी आजारी पडतो काय?"

तिला बाजूला सारून तिघं आत शिरली. एकीने पदर पसरला. "देवा, मुंबईच्या पोराचं लगीन जमंल?"

सहदेवच्या घशात घरघरलं. ओठाच्या कडेने लाळेची तार हनुवटीवर उतरली.

"हो म्हणाला," नाथूने सांगून टाकलं.

बाईने ती लाळ बोटावर टिपली आणि कपाळाला लावली. आवडी फडकं आणायला वळली, तेवढ्यात नाथूने तांब्यातलं तीर्थ दादाच्या तोंडात ओतलं.

सहदेव काळानिळा पडला. आवडीने त्याला पुढे वाकवलं, पाठीत थापा मारल्या, बोटं घशाशी घालून चिकट, पिवळा बेडका ओढून काढला. त्याला धाप लागली, पण श्वास आला. मग तिने तो ओला तळवा नाथूपुढे धरला.

"घ्या. तुमच्या देवाचा परसाद."

नाथू भिंतीला टेकला. "शी, वहिनी."

"का? आत्ता तर देव होता." तिचा आवाज रोजच्यासारखाच हळू होता. "परत उंबऱ्यात याल तर हाच तोंडाला फासीन."

बायका निघाल्या, मागोमाग नाथूही. एकीने जाताना आपला नारळही उचलून नेला.

आवडीने राखेने हात घासला, साबणाने धुतला. वास काही जाईना. देव्हाऱ्यातली वात अजून लावायची होती. आतून तो घळघळता आवाज आला.

"आ...व...डे..."

तिला पुन्हा तीच शिसारी आली.

"ओ," ती म्हणाली, आणि दिवा तसाच ठेवून पेजेचं भांडं घेऊन आत गेली.