कसे ठेवू?

उशीवर एक लांब केस. आईला वाटलं, आपलाच.

तेल घातलं की कात्री कुरकुरायची थांबते.

"दिव्याखाली अंधार, दुसरं काय!" सलूनमधलं गिऱ्हाईक, आरशात बघत.

शाळेच्या व्हरांड्यात एक खुर्ची. मागे मुलांची रांग. मुलींना फिदीफिदी हसायला बंदी.

आता नीट सांगायचं तर असं. महिन्यातून एकदा, सोमवारी, या सलूनवाल्याला शाळेत बोलावणं असायचं. ज्याचे केस कॉलरला टेकले, त्याची तिथेच खुर्चीत रवानगी. त्यानं किती डोकी भादरली, त्याला गणती नाही. आणि घरात त्याचाच पोरगा झिप्र्या! हे नाव वर्गानं ठेवलेलं, घरानंही उचललेलं.

"इतके दिवस चालवून घेतलं," मुख्याध्यापिका बाई म्हणाल्या होत्या. "या सोमवारी तुमच्या हातानंच होऊन जाऊ दे. नाहीतर त्याला वर्गात घेता येणार नाही."

झिप्र्यानं घरी ताट बाजूला सारलं. "बाबा, दुसऱ्या कुणी कापले तर मी रडेन आणि विसरेन. तुम्ही कापलेत तर नाही विसरणार."

"अरे, केसच ते. पुन्हा वाढतील."

"मग आत्ताच वाढू दे की!"

"स्वतःच्या डोक्यावर उरले नाहीत," आई आतून म्हणाली, "म्हणून लेकराच्या मागे लागलेत."

आपलेच दात, आपलेच ओठ. सलूनवाला रात्रभर कूस बदलत राहिला. पोराची शाळा सुटली तर? आणि पोरगाच सुटला तर?

सोमवारी झिप्र्याचा नंबर आला. तो मान खाली घालून बसला. बापानं कापड पांघरलं, गळ्याशी क्लिप लावली, कंगवा फिरवला. दुकानात कात्री उचलण्याआधी तो प्रत्येकाला एक प्रश्न विचारतो. शाळेत कधीच विचारला नव्हता, कारण शाळेत उत्तर ठरलेलं. पण आज डोकं ठिकाणावर नव्हतं, आणि तोंडानं आपलं रोजचं काम केलं.

"कसे ठेवू?"

रांगेतली मुलं माना उंचावून बघू लागली.

झिप्र्यानं मान वर केली. "आहेत तसेच. फक्त टोकं कापा."

"अहो, हे काय चाललंय?" बाई पुढे आल्या.

"चुकून विचारलं, बाई. सवय." त्यानं कात्री खाली ठेवली. "पण आता विचारून बसलोय. विचारायचं आणि उलटंच कापायचं, असं मी कुठल्याच गिऱ्हाइकाशी केलेलं नाही."

"काका, आम्हालाही विचारा ना!" रांगेतून आवाज आला.

बाईंनी रांगेकडे पाहिलं, मग झिप्र्याकडे. "हा नियम कुणी केला, मलाही माहीत नाही. मी आले तेव्हा होताच." पुढे म्हणाल्या, "डोळ्यांवर येऊ द्यायचे नाहीत. प्रयोगशाळेत बांधायचे. आणि रोज धुवायचे."

"रोज?" झिप्र्या घाबरला.

"बरं, दिवसाआड. काका, विचारा सगळ्यांना."

त्यानं विचारलं. बहुतेकांनी सांगितलं, "बारीकच करा, उकडतंय." दोघांनी मात्र खुर्चीत न बसताच धूम ठोकली.

सामान आवरून तो फाटकापर्यंत गेला आणि परत फिरला. बाई वर्गात शिरत होत्या.

"बाई, फार उपकार झाले."

"उपकार कसले? विचारलंत तुम्ही."

त्यानं नुसते हात जोडले. खिडकीतून झिप्र्या बघत होता. त्यानं दोन बोटांनी एक बट धरून टोक दाखवलं: छान कापलंत.

पोराचे केस बापानं पहिल्यांदा कापले, तेव्हा पोर आईच्या मांडीवर झोपलेलं होतं; विचारणार कुणाला?