तिन्ही विषयांचा मायक्रोस्कोप

माझ्यासमोर बसलं की माणूस आधी एक डोळा घट्ट मिटतो, मग तोंड वाकडं करतो आणि काहीच दिसत नसताना म्हणतो, "हो हो, दिसलं!" खरं तर बऱ्याचदा त्याला स्वतःच्याच पापण्यांचे केस दिसत असतात. पण कबूल कोण करणार? मागे रांग असते.

तर मंडळी, मी मायक्रोस्कोप बोलतोय. पनवेलच्या एका ज्युनियर कॉलेजच्या बायोलॉजी लॅबमधला, खिडकीजवळच्या टेबलावरचा.

माझा जन्म अंबाल्याचा. तिथल्या एका कारखान्यात माझ्या नळीला काळा रंग चढला, दोन भिंगं बसली, खाली एक छोटा गोल आरसा लागला. अठ्ठ्याऐंशी साली लाकडी पेटीत भुशावर झोपून मी पनवेलला आलो. पेटी उघडली ती सत्यवती मॅडमनी. त्या नुकत्याच बायोलॉजी शिकवायला लागल्या होत्या. त्यांनी मला मऊ फडक्यानं पुसलं, आरसा खिडकीकडे वळवला आणि कांद्याचा पापुद्रा ठेवून पाहिलं. "सुंदर!" एवढंच म्हणाल्या. तेव्हापासून मी जरा ताठच असतो. ताठ नसलेला मायक्रोस्कोप काय कामाचा?

पण इथली हवा खाडीची, दमट. पावसाळ्यात माझ्या भिंगांवर बुरशी धरायची. प्रॅक्टिकलपुरतं मला बाहेर काढायचे, पोरं घाईघाईनं बघायची, पुस्तकातली आकृती वहीत उतरवायची आणि पळायची. मला बघून आकृती काढणारं क्वचितच कुणी भेटलं. वर्षातले कितीतरी महिने मी कपाटात फॉर्मलिनच्या वासात काढले.

मग नव्याण्णव साल आलं आणि सगळं बदललं. मेडिकलला जायचं तर आता सीईटी नावाची नवी परीक्षा द्यायची होती. प्रत्येक प्रश्नाला चार उत्तरं, त्यातलं एक बरोबर, त्याचा गोल काळा करायचा. आजवर उत्तरं पाठ करून पहिल्या आलेल्या पोरांची झोप उडाली. खांदा कॉलनीत, नव्या पनवेलात क्लासच्या पाट्या लागल्या. ज्यांना जमत होतं ती पोरं तिकडे गेली.

किशोरीला जमत नव्हतं. ती उरणच्या बाजूच्या एका कोळीवाड्यातून एसटीनं यायची. क्लास सुटायचा संध्याकाळी, आणि तोवर तिची शेवटची गाडी निघून गेलेली असायची. तिचा बाप होडीवर. आई, भीमाबाई, पनवेलच्या बाजारात मासे विकायची. गुडघ्यांनी भीमाबाईंना जेरीस आणलं होतं. बारावी झाली की किशोरीनं मासळीच्या पाटीवर बसायचं, असं घरात जवळजवळ ठरलंच होतं.

सत्यवती मॅडमनी अशा राहून गेलेल्या चार-पाच पोरांना दुपारी लॅबमध्ये बोलावलं. "क्लास नाही तर नाही," त्या म्हणाल्या, "आपण इथं करू." मला कपाटातून काढून खिडकीशी कायमचं बसवलं. त्या दिवशी मला किती बरं वाटलं म्हणून सांगू!

किशोरीचं बायोलॉजी चांगलं होतं. केमिस्ट्री ती रेटून न्यायची. पण फिजिक्स म्हटलं की ती वहीच मिटायची. सराव परीक्षेत भिंगं आणि प्रकाशाचे सगळे गोल तिनं अंदाजानं रंगवले आणि बहुतेक चुकले. फिजिक्सचे धर्मराज सर तसे वाईट नव्हते, पण जिभेला लगाम नव्हता. भर वर्गात म्हणाले, "पाठांतर झकास आहे तुझं. आर्ट्सला गेली असतीस तर बरं झालं असतं."

वर्ग हसला. किशोरी नाही हसली.

दुसऱ्या दिवशी ती लॅबमध्ये आली ती मॅडमचं पुस्तक परत द्यायला. "मॅडम, मी सीईटीला बसत नाय. आईचं पण दुखणं हाय."

मॅडमनी समजूत घातली नाही की रागावल्याही नाहीत. माझ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "बरं. जाता जाता एवढं बघून दे. तळ्याचं पाणी आणलंय. त्यात एक पठ्ठ्या आहे, माझ्या हाती लागत नाही."

किशोरी बसली. माझा आरसा तिनं बोटानं हलकेच फिरवला, उजेड बरोबर धरला. थेंबातला तो इवलासा जीव तुरुतुरु पळत होता. तो पळाला की ती स्लाइड सरकवून त्याला पुन्हा मधोमध आणायची. बाकीची पोरं त्याला हमखास हरवायची. ही नाही हरवली.

मॅडमनी जागा घेतली, स्वतः पाहिलं, मग पुन्हा तिला बसवलं. "तो कुठं पळाला?"

"डावीकडे."

"आणि तू स्लाइड कुठं सरकवलीस?"

"डावीकडेच."

"तो डावीकडे गेला तर त्याला परत आणायला उजवीकडे ढकलायला नको?"

"नाय मॅडम. ह्याच्यात सगळं उलटं दिसतं ना. दिसतो डावीकडे, खरा जातो उजवीकडे."

"कुणी सांगितलं?"

"कुणी नाय. अकरावीपास्नं बघते मी. मला वाटलं, हा मायक्रोस्कोपच तसला हाय. बिघडलेला."

बिघडलेला! मी! माझा आरसा रागानं थरथरला असता, पण तेवढा तो सैल नव्हता.

मॅडम हसल्या. "बिघडलेला नाही गं. पण उलटं का दिसतं, ते मलाही नीट सांगता यायचं नाही. चल, शेजारी विचारू."

शेजारी म्हणजे फिजिक्स लॅब. आता खरी गंमत सांगतो. मॅडम आणि धर्मराज सर दोन वर्षं एकमेकांशी धड बोलत नव्हते. पॅसेजमधलं कपाट कुणाचं, यावरून वाजलं होतं. मधल्या भिंतीतून एकमेकांचे आवाज ऐकायचे आणि तोंड फिरवायचे. त्या दिवशी मॅडमनी एक हात माझ्या मानेला, एक पायाखाली धरला आणि मला छातीशी घेऊन त्या दारात उभ्या राहिल्या. मागे किशोरी.

"सर, हिचा एक प्रश्न आहे. फिजिक्सचा आहे, म्हणून इथं आणला."

सरांनी आधी मॅडमकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग तिच्याकडे. "सूत्र दिलंय मी बोर्डावर."

"सूत्र पाठ हाय, सर," किशोरी म्हणाली. ती दारातून दोन पावलं आत आली. "पण उलटं का होतं? दोन भिंगं हायत ना. एकानं उलटं केलं तर दुसऱ्यानं परत सुलटं करायला पायजे. मग उलटंच कसं राहतं?"

सरांनी हातातला खडू खाली ठेवला. मग हळूच म्हणाले, "इतकी वर्षं शिकवतोय. हे कुणी विचारलं नाही मला."

त्यांनी मला उन्हात ठेवलं आणि माझं वरचं भिंग उचकटून बाहेर काढलं. मॅडम ओरडल्याच, "अहो, हळू!" मला भरबाजारात टोपी उडवल्यासारखं झालं. सरांनी वर्तमानपत्रातलं एक अक्षर कापून माझ्याखाली ठेवलं, नळीच्या उघड्या तोंडावर बटर पेपर धरला आणि डोक्यावरून काळं कापड घेतलं. "ये इकडे. बघ."

किशोरी कापडात शिरली. बटर पेपरवर ते अक्षर उमटलं होतं. अंधुक, थरथरणारं आणि उलटं.

"हे खालच्या भिंगाचं काम," कापडाच्या आतून सरांचा आवाज आला. "उलटं झालं ते इथंच. वरचं भिंग ह्या चित्राला पुन्हा उलटवत नाही. ते फक्त मोठं करून दाखवतं. हातात भिंग धरून पेपर वाचतो ना आपण, तसं."

किशोरीनं कागदावरच्या अक्षराला हलकेच बोट लावलं. मग एकदम म्हणाली, "म्हणजे मी दोन वर्षं किडा बघतच नव्हते. किड्याचं चित्र बघत होते!"

"शाब्बास!" सर कापड फेकून बाहेर आले. केस विस्कटलेले, चेहरा लहान पोरासारखा. "मॅडम, ही मुलगी सीईटीला बसते आहे ना?"

मॅडमनी किशोरीकडे पाहिलं. किशोरीनं परत द्यायला आणलेलं पुस्तक पुन्हा पिशवीत घातलं.

त्या दिवसापासून सर रोज दुपारी आमच्या लॅबमध्ये येऊ लागले. प्रकाशाचं गणित असलं की माझी भिंगं काढायचे, पेशी बघायच्या असल्या की मॅडम ती परत बसवायच्या. आयोडिनचा थेंब टाकला की बटाट्याच्या पेशीतलं पिष्ट निळं का होतं, म्हणून केमिस्ट्रीही माझ्याच टेबलावर व्हायची. एका यंत्रात तिन्ही विषय! सांगा, मी ताठ का असू नये?

किशोरीला मात्र 'का'चं व्यसनच लागलं. आधी कागदावर किरणांची आकृती, मग उत्तर. सुरुवातीला ती फार मागे पडायची. हळूहळू हात चालू लागला.

एका दुपारी भीमाबाई दारात उभ्या राहिल्या. बाजार उरकून, रिकामी पाटी काखेत घेऊन आल्या होत्या. "आमची पोर इथं रोज काय बघत बसते, ते बघाया आलंय."

किशोरी लाजली. पण तिनं आईच्या पाटीला चिकटलेला एक खवला उचलला, धुतला आणि माझ्याखाली ठेवला. भीमाबाई स्टुलावर टेकल्या, पदर सावरून वाकल्या.

"केस दिसतात गो."

"ते तुझ्याच डोळ्याचं, आये. जरा वर हो."

भीमाबाईंनी डोकं जरा वर घेतलं. गोलात गोल, रेषेला लागून रेष, आरपार चमकणारी. "आगो बाय! जनम गेला खवलं काढण्यात. ह्यात येवढी नक्षी हाय? कुणी काढली?"

"कुणी नाय काढली. मासा वाढतो तशी वाढते."

त्या पुन्हा वाकल्या. उठताना गुडघा धरून उठल्या आणि मॅडमना म्हणाल्या, "पाटीवर मीच बसन. हिला तुमी सोडू नका."

परीक्षेला मी काही गेलो नव्हतो. जे कानावर आलं ते सांगतो. केमिस्ट्रीनं किशोरीचा घाम काढला. बायोलॉजीत ती दोन ठिकाणी उगाच घुटमळली. फिजिक्सच्या एका प्रश्नाशी अडली तेव्हा कोऱ्या जागेत आकृती काढली, शांतपणे किरण आखले आणि गोल काळा केला. निकाल लागला तेव्हा तिन्हींत फिजिक्सचीच टक्केवारी जास्त होती. मुंबईच्या सरकारी मेडिकल कॉलेजात तिला प्रवेश मिळाला. तिच्या कोळीवाड्यातली डॉक्टर व्हायला निघालेली ती पहिलीच.

पेढे घेऊन मायलेकी आल्या, तेव्हा सर सगळ्या स्टाफरूमला सांगत सुटले, "माझी विद्यार्थिनी!" मॅडम म्हणाल्या, "माझी." दोघं पुन्हा भांडले, पण हसत हसत. भीमाबाईंनी माझ्यासमोरही एक पेढा ठेवला. तो शिपायानं खाल्ला. असू दे.

आता नवे मायक्रोस्कोप आलेत, आत दिवा असलेले. माझा बारीक फिरकीचा स्क्रू घसरतो. प्राचार्य म्हणाले, ह्याला हार घालून काचेच्या शोकेसमध्ये ठेवू. मॅडमनी साफ नकार दिला. फार उपकार झाले. शोकेसमध्ये लोक आपल्याला बघतात. माझं काम लोकांना बघायला लावण्याचं.

एवढंच मागणं आहे. माझ्यापाशी आलात तर घाई करू नका. दिसलं नाही तर नाही दिसलं म्हणा. विचित्र दिसलं तर विचारा. मी सगळं सोसतो, खोटं "दिसलं" तेवढं सोसत नाही.

यंदा बेलपाड्याहून दोन मुली येताहेत, एक मुलगा खारघरहून. बाहेर चपला वाजताहेत. खिडकीतून उजेडही बरोबर आलाय.

या, बसा. पहिलं कोण?