आरामखुर्चीचा पट्टा

“हा पट्टा?” उस्तादांनी तो डाव्या हाताने उचलून उजेडात धरला. “याला दोन बंद लाव, दप्तर म्हणून खपेल.”

 कापडाच्या कडा दुमडून, चारी बाजूंनी शिवण घालून, वर मधोमध दुहेरी टीप मारून बायकोने ते काम सकाळीच हातावेगळं केलं होतं. शाळेचे गणवेश शिवण्यात तिची चाळीस वर्षं गेली होती. कापडाची उघडी कड दिसली की तिच्या जिवाची तगमग व्हायची, एखाद्याला वाहता नळ दिसल्यावर होते तशी.

“अगं, वस्तरा या टिपेवरून एकदा गेला की धार गेलीच. एक धागा वर नको. सपाट हवं, सपाट.”

“मग आधी सांगायचं होतंत.”

“त्यात सांगायचं काय? जन्मात पट्टा पाहिला नाहीस?”

“पाहिलाय की. लांबून. हात लावू दिलात कधी?”

उस्तादांनी पाणी मागितलं.

दीड महिन्यापूर्वी त्यांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं होतं. पाय थोडाफार परत आला, हात आला नाही. व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंनी स्पष्टच सांगितलं होतं, रोज गल्लीच्या टोकापर्यंत चालवा, नाहीतर पाय चालणं विसरेल. एकदा विसरला की मग मीही काही करू शकणार नाही. पण उस्ताद उंबऱ्याबाहेर पडायला तयार नव्हते. कारण दाढी. ज्या गल्लीतल्या तीन पिढ्यांच्या दाढ्या आपण केल्या, तिच्यातून हे जंगल मिरवत जायचं? त्यापेक्षा पाय विसरला तरी चालेल, असं त्यांचं मत होतं.

दुकान आता पुतण्या चालवत होता. तो दोनदा येऊन गेला.

“काका, पाच मिनिटांत करतो. तुमच्यासमोर नवीन ब्लेड टाकतो.”

“ब्लेडने पेन्सिलीला टोक करतात,” काका म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून झोपले.

वस्तरा घरी होता, उशाशीच. पण तो परजायचा चामड्याचा पट्टा, दुकानात नवे आरसे लागले त्या दिवशी जुन्या सामानाबरोबर गेला. पुतण्याला तो कंबरेचा वाटला. आपल्या काकांची कंबर आणि चार बोटं रुंद पट्टा यांचा काय संबंध, असा प्रश्न त्याला पडला नाही.

तेव्हा बायकोला आठवली सासऱ्यांची आरामखुर्ची. लाकूड पोखरलेलं, कापड मात्र शाबूत. सासऱ्यांनी वीस वर्षं तिच्यात बसून काहीही केलं नव्हतं, आणि ते इतक्या मनापासून, की जाड किंतान पार गुळगुळीत झालं होतं. घरच्या धंद्याला त्यांचा हातभार म्हणायचा तो एवढाच.

आता बायकोने सगळ्या टिपा उसवल्या. कापडाची तीन पदरी घडी घातली, कडा मागे घेतल्या आणि फक्त दोन्ही टोकांना शिवण मारली. मागची कड उघडीच राहिली. तिने ती दोनदा पाहिली आणि पट्टा पालथा करून ठेवला. मग वरच्या अंगाला कोरडा साबण घासायचा, त्यावरून काचेची बाटली लाटण्यासारखी फिरवायची, पुन्हा साबण, पुन्हा बाटली. उस्ताद पलंगावरून हुकूम सोडत होते आणि ती ते बहुतेक ऐकत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी पट्ट्याचं एक टोक खिडकीच्या गजाला बांधलं. दुसरं तिने ताणून धरलं.

“आता बघ,” उस्ताद म्हणाले. वस्तरा डाव्या हातात होता. “दाढी माझी मी करणार. डाव्याला काय, चार दिवसांत येतं.”

ती बघत होती. वस्तऱ्याची पाठ पुढे, धार मागे. टोकाला पोचलं की पाठीवरच कूस पालटायची आणि परत यायचं. दोन फेऱ्या नीट झाल्या. तिसरीला कूस पालटायच्या आधीच हात मागे फिरला. धार कापडात घुसली. खाच लहानच पडली, बोटाच्या पेराएवढी.

दोघंही खाचेकडे बघत राहिले. ती गळ्यावर पडली असती तर कुठे पडली असती, हे गळ्यांशीच आयुष्य काढलेल्या माणसाला सांगावं लागत नाही.

“उजव्याने कधी केलं नाही असं,” उस्ताद हळूच म्हणाले.

“मग? आता?”

त्यांनी वस्तरा मिटला, मुठीकडून तिच्यापुढे धरला आणि तिच्या हातातलं पट्ट्याचं टोक आपल्या डाव्या हातात घेतलं.

“खाच टाळून वरच्या बाजूने फिरव. दाबू नकोस. आवाज ऐक.” तिने एक फेरी मारली. “बघ, कापड फाडल्यासारखा येतोय. कापडावरून नुसता हात फिरवतो ना आपण, तसा यायला हवा.”

हा आवाज तिला ठाऊक होता. वीस फेऱ्यांनंतर तो आला. उस्ताद काही बोलले नाहीत. ही त्यांची शाबासकी होती. पुतण्याला ती अजून मिळायची होती.

साबणाचा फेस झाला. त्यांना खुर्चीत बसवून ती मागे उभी राहिली. उस्तादांची मान काठीसारखी ताठ.

“अहो, मान सोडा.”

“सोडलीय.”

“कुठे सोडलीय? मी काय तुमचा गळा कापणार आहे?”

“नवीन माणसाचं सांगता येत नाही.”

पण सोडली. डोकं तिच्या तळहातावर आलं आणि ती क्षणभर थांबली. संसार केला, आजारपणं काढली, पण या डोक्याला एवढं वजन असेल असं तिला कधी वाटलं नव्हतं. हे वजन पेलत ती सावकाश वस्तरा फिरवत गेली. एकदा थोडं रक्त आलं. उस्ताद म्हणाले, “होतं असं.” गिऱ्हाईक ओरडलं की पूर्वी ते स्वतः असंच म्हणायचे.

शेवटी त्यांनी डाव्या हाताने गाल चाचपले. “हनुवटीखाली राहिलीय.”

“इथे दिसत नाही मला. अंधार आहे. उजेडात चला.”

उस्तादांनी दाराकडे पाहिलं. मग तिच्याकडे. डोळ्यांची तक्रार तिने आजवर कधी केली नव्हती. मग डावा हात तिच्या खांद्यावर आला.

पायरीपर्यंत सतरा पावलं झाली. तिने स्टूल मांडलं. समोरून जाणारा सायकलवाला उतरून उभा राहिला, गल्लीच्या तोंडाशी पुतण्या कात्री हातात घेऊन दुकानाबाहेर आला. उस्तादांनी कुणाकडे पाहिलं नाही. खांद्यावरचा टॉवेल त्यांनी नीट केला, हनुवटी वर उचलली आणि डोळे मिटून, गिऱ्हाईकासारखे, बसून राहिले.